पासिंगपुरतं

गाडीला गंज पावसानं चढतो असं सगळे म्हणतात. आमच्या गाडीला तो नवऱ्यानं चढवला.

म्हणजे पाऊसही होताच. कोळवणच्या खोऱ्यात चार महिने जे पडतं त्यात अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तिथं पत्र्याची काय कथा. पण पावसावर ताडपत्री घालता येते, नवऱ्यावर काय घालणार? भातलावणीच्या दिवसांत खताच्या दुकानापुढं टेंपोची वाट बघत बसायचा त्याला कंटाळा. मग युरियाची पोती थेट गाडीच्या मागच्या सीटवर. "दोनच हायेत," हे ठरलेलं वाक्य. त्यातलं एक हमखास फाटकं. दाणे सांडायचे, मॅटखाली जायचे, त्यावर चिखलाचे पाय पडायचे आणि सगळं विरघळून पत्र्याला बसायचं. युरियानं पत्रा सडतो हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. "पत्रा काय भात हाय व्हय, खत खायला?" असं म्हणून तो दुसरं पोतं आत ढकलायचा.

कागदावर गाडी त्याची आहे, चालवते मात्र मी. हे कसं झालं ते सांगायला हवं. आमच्या शेजारच्या जमिनीत शहरातल्या एका साहेबांनी फार्महाऊस बांधलं होतं. त्यांनी मोठी गाडी घेतली तेव्हा ही लहान पांढरी गाडी आम्हाला स्वस्तात दिली. नवऱ्यानं हौसेनं पहिल्याच दिवशी चालवायला घेतली आणि बांध ओलांडून थेट भाताच्या खाचरात घातली. ट्रॅक्टर लावून बाहेर काढावी लागली. सगळं गाव बघायला आलं. तेव्हापासून त्यानं स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी आठ-दहा दिवस गोठ्यापुढं तशीच उभी राहिली, कोंबड्या तिच्या टपावर बसायला लागल्या, आणि मला ते बघवेना. मी पौडला जाऊन ड्रायव्हिंग शिकले. तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती आणि शिकवणारा माझ्या मुलाएवढा होता. तो मला ब्रेकच्या आधी देवाचं नाव घ्यायला सांगायचा.

मी शिकले आणि मग थांबलेच नाही. आमच्याकडं एसटी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मधल्या वेळात जीप. जीपमध्ये अंग आत आणि पाय बाहेर अशी बसण्याची पद्धत. गाडी हातात आल्यावर मी बँकेत माझ्या वेळेला जायला लागले. तांदूळ फार्महाऊसवाल्यांच्या दारात नेऊन मी ठरवीन त्या दरानं विकायला लागले. आणि दर गुरुवारी कासारसाईला धाकट्या बहिणीकडं. ती एकटी असते, गुडघ्यानं अधू आहे, आणि बोलायला तिला माझ्याशिवाय कुणी नाही. खरं सांगायचं तर मलाही तिच्याशिवाय नाही. धरणाच्या भिंतीजवळ गाडी लावून आम्ही आत बसूनच चहा पितो आणि जगातल्या सगळ्यांची निंदा करतो. गुरुवार चुकला की मला आठवडा जड जातो.

तर गाडीला पंधरा वर्षं भरत आली. पंधरा वर्षं झाली की गाडी पुन्हा पासिंगला न्यावी लागते. अधिकारी बघतात, पास केली तर आणखी पाच वर्षं मिळतात. नापास झाली तर दुरुस्त करून पुन्हा न्या, नाहीतर भंगारात घाला. मला यात घाबरण्यासारखं काही वाटलं नव्हतं. घाबरायला लावलं मुलानं.

मुलगा माण गावात राहतो, तिथल्या आयटी पार्कात नोकरी. स्वभावानं चांगला आहे, पण काळजी करायला लागला की त्याच्या तोंडून सगळं इंग्रजीत यायला लागतं. दिवाळीला आला, गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकावरच्या पत्र्याला बोट लावलं. बोट आत गेलं.

"आई, धिस इज नॉट सेफ," तो म्हणाला.

"तुझं बोट काढ आधी त्यातून."

"स्क्रॅपला देऊ. तुला कुठं जायचं असेल तर मी कॅब बुक करून देत जाईन ना."

कॅब. कोळवणला. इथं फोनला रेंज यायची तर आंब्याखाली जाऊन हात वर करावा लागतो. मी म्हटलं, तुझा कॅबवाला तिकडून निघेल तेव्हा इकडं माझा गुरुवार मावळलेला असेल. तो म्हणाला, मग एखादा ड्रायव्हर ठेवू. मी म्हटलं, ड्रायव्हर कशावर ठेवणार, गाडी तर तू भंगारात घातलीस. असं बराच वेळ चाललं. नवरा ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. मी त्याच्याकडं बघितलं, की हा माणूस आता तरी काही बोलेल. तो म्हणाला,

"पोरगं बराबर बोलतंय."

मला इतका संताप आला की मी त्या भरात वचन देऊन बसले. म्हटलं, एकदा पासिंगला नेते. पास झाली तर पाच वर्षं कुणी शब्द काढायचा नाही. नापास झाली तर घेऊन जा भंगारात, मी ब्र काढणार नाही. मुलगा म्हणाला, "डन." नवऱ्यानं तंबाखूची चिमूट दाढेला लावली. दुसरी गाडी मला कोण घेऊन देणार होतं? ही गेली की माझं चालवणं संपलं, हे त्या अंगणात तिघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी पौड रस्त्यावरच्या पत्र्याच्या कारागिराकडं नेली. पत्र्याचा कारागीर म्हणजे ठोकणं, जोडणं, रंगवणं हे सगळं एकच माणूस. माणूस बोलका, इतका बोलका की हात थांबायचे. त्यानं हातोडीनं गाडीला खालून टकटक करत एक चक्कर मारली. काही ठिकाणी ठण् वाजलं, काही ठिकाणी थप्. थप् जास्त होतं.

"ताई, काम दोन परकारचं आसतंय," तो म्हणाला. "एक पक्कं काम. आन् एक पासिंगपुरतं काम."

पक्क्या कामात सगळा तळ कापून नवा पत्रा. त्याचा आकडा ऐकला आणि मी शेजारच्या टायरांच्या ढिगावर बसले. तेवढ्या पैशांत दुसरी जुनी गाडी आली असती, आणि तिलाही कुणाच्या तरी नवऱ्यानं खत वाहिलेलं असतं. पासिंगपुरतं काम म्हणजे जिथं भोक तिथं ठिगळ, बाकी ठिकाणी लांबी फासून वरून रंग. लांबी म्हणजे तोच लगदा, सुतार दाराच्या चिरा बुजवतो तसला. मला हा शब्द मुळीच आवडला नाही. पासिंगपुरतं. म्हणजे दाखवण्यापुरतं. मी म्हटलं, चाकावर, दाराखाली कुठं लांबी फासायची ती फासा, पण जिथं माणसं बसतात तिथला पत्रा खरा पाहिजे. तिथं मला पासिंगपुरतं नको. तो म्हणाला, व्हय व्हय, ताई, तसंच करू. त्याचं व्हय सगळ्यालाच असायचं हे मला पुढं कळलं.

मग त्यानं माझ्या पायाखालची रबरी मॅट उचलली आणि हातोडी खाली ठेवली.

मॅटखाली पत्राच नव्हता. म्हणजे असेल, पण दिसत नव्हता. सगळं काळंकुळकुळीत, चकचकीत. त्यानं स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून बघितलं, वास घेतला.

"ह्ये डांबर हाय. रस्त्याचं."

मी म्हटलं, गाडीत डांबर कसं येईल. तो म्हणाला, येत न्हाई, कुणीतरी घालतंय. त्यानं एका कडेनं खरवडलं आणि डांबराचा पापुद्रा पोळीसारखा निघून आला. त्याला खालून जे चिकटलं होतं ते म्हणजे आमचा तळ, लालभडक भुसा. डांबराच्या खाली पाणी अडकून राहिलेलं, त्यानं पत्रा वरून न दिसता आतल्या आत संपवला होता.

"ज्यानं कुनी ह्ये लावलंय ना ताई, त्यानं गाडी मारली," तो म्हणाला. "उघडी ऱ्हायली आसती तर वाळली तरी आसती."

मी लगेच नवऱ्याला फोन लावला. नशिबानं तो आंब्याखाली होता. म्हटलं, अहो, गाडीत डांबर कुणी लावलंय?

"डांबर? कसलं डांबर?" तो म्हणाला. "आदल्या मालकानं लावलं आसंल. त्या शेरातल्या लोकांचं काय सांगावं."

मला ते पटलं. त्या साहेबांनी फार्महाऊसच्या विहिरीतसुद्धा मासे सोडले होते. मी मनातल्या मनात त्यांना आणि त्यांच्या घराण्याला जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतलं.

पैसे वाचवायचे म्हणून मग आम्ही असं ठरवलं की माझ्या बाजूचा तळ कापून नवा पत्रा घालायचा, आणि डावीकडं, नवरा बसतो त्या बाजूला, हात लावायचा नाही. तिथंही डांबर होतं, पण हातोडी मारली की ठण् वाजत होतं. "तिकडं पत्रा धड हाय, डांबर ऱ्हाऊ द्या, शोभा हाय," कारागीर म्हणाला. तिथंच आमचं चुकलं, पण ते मागाहून कळलं.

चार दिवसांचं काम म्हणाला होता. चार दिवसांनी गेले तर गाडी ठोकळ्यांवर, माझ्या सीटच्या जागी जमीन दिसतेय, आणि कारागीर गायब. शेजारच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं, जत्रेला गेलाय, बैलगाड्यांच्या शर्यती हायेत. मी म्हटलं, त्याची बैलजोडी आहे का? म्हणाला, न्हाई, पर मेव्हन्याची हाय. पुढच्या वेळेला गेले तर हळद होती. मेव्हण्याच्या भावाची. मी एकदा त्याला फोनवर विचारलं, तुमच्या नात्यात लग्नाचं कोण उरलंय तेवढं सांगा, म्हणजे मी तेवढं थांबते. तो मनापासून हसला आणि आमंत्रण दिलं.

या सगळ्या दिवसांत मी जीपनं फिरत होते. गुरुवारी कासारसाईला जायला तीन वाहनं बदलावी लागली, बहिणीकडं पोचले तेव्हा परतायची वेळ झाली होती. उभ्या उभ्या चहा घेतला. निंदा करायलासुद्धा वेळ मिळाला नाही. ती म्हणाली, आता असंच होणार का गं? मी कप विसळून ठेवला आणि जीप गाठायला निघाले.

शेवटी गाडी मिळाली. माझ्या पायाखाली नवा पत्रा, त्यावर तांबडा रंग, काम चांगलं होतं, नाही कशाला म्हणू. पण बाहेरून बघितलं आणि कपाळावर हात मारला. आमची गाडी दुधाळ पांढरी, जराशी पिवळट. यानं ठिगळांना जो पांढरा मारला होता तो दवाखान्याच्या भिंतीसारखा निळसर.

"हा कुठला पांढरा?"

"पांढरा म्हंजी पांढराच की, ताई. एका ॲम्ब्युलन्सचा उरला हुता. चांगला महागाचा हाय."

गाडी बांड्या गाईसारखी दोन रंगांची दिसत होती. पण पासिंगची तारीख तोंडावर आलेली. मी तशीच घेऊन आले. अंगणात आणल्यावर नवऱ्यानं तिच्याभोवती चक्कर मारली, वाकून माझ्या बाजूचा तळ बघितला, दोन्ही हातांनी दाबून बघितला, मुठीनं ठोकला. मला जरा नवल वाटलं. बैल घेतानासुद्धा तो एवढा बघत नाही.

"बरं केलंय," म्हणाला आणि गोठ्यात गेला.

पासिंगला मालक लागतो, म्हणून त्याला बरोबर न्यावं लागलं. मैदानावर ओळीत गाड्या. आमच्या पुढं एक टेंपो, मागं एक माझ्याहून घाबरलेला माणूस. मी लाईट, हॉर्न, वायपर सगळं दोनदोनदा लावून बघितलं. नवरा डावीकडं पाय आखडून बसला होता. त्याला मोठ्या आवारात, वर्दीसमोर, नेहमीच असं होतं.

तपासायला एक तरुण मॅडम होत्या. खाकी वर्दी, हातात बॅटरी. त्यांनी बाहेरचे दोन्ही पांढरे रंग बघितले. खाली वाकून बघितलं. माझ्याकडची मॅट उचलायला लावली, नव्या पत्र्यावर बूट आपटून बघितला.

"गाडी कोण चालवतं?"

"हीच," नवरा म्हणाला. आखडलेल्या माणसाचा आवाज एकदम मोठा आला.

"ब्रेक दाबून दाखवा, काकू."

दाखवले. सगळं ठीक. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग त्या म्हणाल्या, आता चासी नंबर. गाडीच्या अंगावर कोरलेला नंबर कागदाशी जुळवतात आणि त्याचा पेन्सिलीनं ठसा घेतात. या गाडीला तो कुठं असतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं. डाव्या सीटच्या पुढं, मॅटखाली.

नवऱ्यानं पाय बाहेर काढले. त्यांनी मॅट उचलली, बॅटरी मारली. काळं डांबर चकाकलं.

"हे काय आहे?"

"डांबर," मी म्हटलं. "आधीच्या मालकानं..."

"नंबर दिसत नाही. नंबर दिसल्याशिवाय मी पास करू शकत नाही." त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त वाईट होतं. "दुपारी गर्दी ओसरेपर्यंत साफ करून आणा. खरवडताना नंबर खराब झाला, एक जरी आकडा गेला, तर मग वेगळी परवानगी, ते फार लांबतं. जपून."

मी गाडी भिंतीजवळच्या सावलीत नेऊन लावली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. एवढं ठोकून, एवढी लग्नं सोसून, शेवटी दुसऱ्याच्या डांबरानं घात केला. माझ्या डोळ्यांपुढं मुलाचा चेहरा आला, समजूतदार, न हसणारा, आणि त्या चेहऱ्याचाच मला सर्वांत जास्त राग आला.

नवरा खाली उतरून कुठंतरी गेला. परत आला तो टेंपोवाल्याकडून कापलेल्या बाटलीत थोडं डिझेल घेऊन. डोक्याचा टॉवेल काढला, बुडवला, आणि गुडघ्यावर बसून डांबर पुसायला लागला. खरवडायला काही नव्हतं. मग त्यानं खिशातून तंबाखू-चुन्याची डबी काढली आणि तिच्या झाकणाच्या कडेनं हळूहळू खरवडायला लागला. मी पलीकडच्या दारात उभी राहून बघत होते आणि तोंडानं सूचना देत होते. हळू. तिथं नको. आकडा जाईल.

"जात न्हाई," तो म्हणाला. "हितं म्या एकच हात मारला हुता. लगीच निघंल."

झाकण थांबलं. माझं तोंडही.

"तुम्ही?"

त्यानं टॉवेल पुन्हा डिझेलात बुडवला. आणि मला धडाधड आठवायला लागलं. खोऱ्यातल्या रस्त्याचं काम चाललं होतं त्या वर्षी यानं ठेकेदाराच्या माणसांकडून तेलाच्या डब्यात डांबर आणलं होतं. गोठ्याच्या मेढींना, म्हणजे लाकडी खांबांना लावायला, वाळवी लागते म्हणून. डबा रिकामा झाला आणि मेढी मात्र कोऱ्याच राहिल्या. मी तेव्हा विचारलं होतं, डांबर गेलं कुठं, तर म्हणाला, शेजारच्यानं नेलं. त्याच सुमाराला गाडीला वास यायचा. विचारलं तर म्हणाला, रस्त्याचं काम चाललंय न्हवं. त्याच सुमाराला यानं कधी नाही ती नवी रबरी मॅट हौसेनं आणून घातली होती, आणि माझ्या पायाला खालून पाणी उडायचं ते बंद झालं होतं. मला वाटलं होतं मॅट भारी आहे.

मग मी त्याला जे बोलले ते सगळं लिहीत नाही. ओळीत आमच्या मागं असलेल्या माणसानं गाडीची काच वर केली. युरियापासून सुरुवात करून मी खाचरापर्यंत मागं गेले. म्हटलं, तुम्हाला गाडी घालवायचीच होती तर सरळ विहिरीत ढकलायची. आधी खत घालून सडवली, मग डांबर घालून कुजवली, मग पोराच्या बाजूनं बोललात, आणि वर आदल्या मालकाचं नाव. माझं जाणं-येणं तुमच्या डोळ्यांत खुपत होतं तर तोंडानं सांगायचं.

तो ऐकत होता आणि पुसत होता. माझा श्वास संपल्यावर म्हणाला,

"तुझ्या पायाखाली भोक पडलं हुतं."

"मग सांगायचं."

"सांगून काय? तू पोराला सांगितलं आसतंस. तुझ्या पोटात काय ऱ्हातंय? अन् त्यानं दुसऱ्या दिशी गाडी नेली आसती." त्यानं वर बघितलं नाही. "डांबरानं पानी थांबतंय यवढंच मला ठावं. आत सडतंय ह्ये कुनाला म्हाईत."

"आणि त्याच्यापुढं 'पोरगं बराबर बोलतंय' म्हणालात ते?"

"उलट बोललो आसतो तर त्यानं तिथल्या तिथं मॅट उचलली आसती. ईरेला पेटतंय त्ये, तुझ्यावानी."

टॉवेल पिळून तो पुढं म्हणाला,

"गुरवारी जाऊन आलीस की तू चांगली आसतीस. आमाला बी दोन दिस बरं जातंय."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. इतकी वर्षं हा माणूस माझ्या डावीकडं बसून, स्वतःच्या पापावर पाय ठेवून, खिडकीबाहेर बघत होता. माझी गाडी राहावी म्हणून यानं माझी गाडी सडवली. यावर हसावं की ती डिझेलची बाटली त्याच्या डोक्यात घालावी, मला खरंच कळेना. म्हटलं, बाजूला व्हा, टॉवेल द्या इकडं. त्यानं दिला नाही.

हळूहळू पत्रा दिसायला लागला. आकडे होते, पण उथळ, काळ्यावर काळे. नीट वाचता येईनात. मी डोळे बारीक केले, तिरपं होऊन बघितलं. शेवटचा तीन आहे का आठ, कळेना. आठ असेल तर कागदाशी जुळत होतं. नवऱ्यानं डबी उघडली, तंबाखूला लावतो तसा अंगठ्यावर चुना घेतला, आकड्यांवरून फिरवला आणि टॉवेलच्या कोरड्या टोकानं वरचा पुसून काढला. कोरलेल्या खाचांत चुना राहिला. काळ्या पत्र्यावर पांढरेशुभ्र आकडे उभे राहिले, शाळेच्या फळ्यावर लिहिल्यासारखे. शेवटचा आठ होता.

मॅडमनी बॅटरी मारली आणि त्यांना पहिल्यांदा हसू आलं.

"हे काय लावलंय?"

"चुना," नवरा म्हणाला.

त्यांनी तो ओल्या बोळ्यानं पुसून घेतला, ठसा घेतला, कागदाशी ताडून बघितलं. मग सही केली.

परत येताना पौडच्या अलीकडं मुलाचा फोन आला. माझे हात स्टिअरिंगवर, म्हणून नवऱ्यानं घेतला आणि कानापासून लांब धरला, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं.

"पप्पा, काय झालं?"

"झाली पास."

"सिरियसली?" तो म्हणाला. "आणि खालचा फ्लोअर? तो कसा निघाला? खरं सांगा."

"फ्लोअर?" नवरा म्हणाला. बाहेर बघत, अगदी सपाट आवाजात, बाजारभाव सांगावा तसा. "त्याला काय हुतंय. पयल्यापास्नं धडच हाय. उगं काळजी करतुयास."

फोन ठेवून त्यानं डबी काढली. चुना सगळा नंबरवर गेला होता. रिकामी डबी त्यानं उगाच नखानं खरवडली, आणि त्या नखांत अजून डांबर होतं.